ग्रामपंचायतींतील स्त्रिया आणि सात-बाराचा उतारा

ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखून ठेवाव्या असा कायदा आमच्या राज्यानें 2011 सालीं केला. तेव्हांपासून मालवण-वेंगुर्ल्याच्या किनारपट्टींत स्त्रिया पंचायतीच्या बैठकीस बसतात ही गोष्ट इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिजविषयीं आतां कोणी वाद घालीत नाहीं. परंतु वाद मिटला म्हणजे काम झालें असें कोणीं समजूं नये. या मासिकाचे वाचक बहुतेक खातेदार शेतकरी आहेत, म्हणून या विषयाची जी बाजू सभेंतील भाषणांत सहसा येत नाहीं ती आम्ही येथें मांडणार आहों. ही बाजू तलाठ्याच्या दप्तरांत सांपडते. (2024 पासून सरकारनें तलाठ्यास ‘ग्राम महसूल अधिकारी’ असें नांव दिलें आहे. गांवांत त्यास अजून तलाठीच म्हणतात, व आमची उमर महसुलाच्या कचेरींत गेली असल्यानें आमच्या लेखणींतूनही तोच शब्द उतरेल.) पंचायतींतील जागा स्त्रीस कायद्यानें दिली. परंतु जमिनीच्या व घराच्या कागदावर तिचें नांव घालणें हें नवऱ्याच्या हयातींत पुष्कळसें त्याच्याच मर्जीवर राहिलें आहे. हें दुसरें काम होत नाहीं तोंवर पहिली देणगी कशी डळमळीत राहते तें पाहावयाचें आहे.

नांव आणि अधिकार यांची गांठ जुनी आहे. मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलासाठीं मत देण्याचा अधिकार स्त्रियांस 1921 सालीं मिळाला. त्या काळीं मालवण तालुका रत्नागिरी जिल्ह्यांत मोडत असे. परंतु खेड्यांतील मत मुख्यतः सारापट्टीवर ठरत असे. सारा ज्याच्या खात्यावर त्यास मत. खातें पुरुषाचें, सबब अधिकार मिळूनही मत देणाऱ्या बायका थोड्याच निघाल्या. पुढें 1935 च्या कायद्यानें मतदाराच्या बायकोसही कांहीं अटींवर मत दिलें, म्हणजे तेथेंही आधार नवऱ्याच्या खात्याचाच. 1950 सालीं राज्यघटना अमलांत आली व तिनें मत आणि खातें यांची ही गांठ तोडून टाकली. वयांत आलेल्या प्रत्येक माणसास मत मिळालें. तरीही 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळीं एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. उत्तरेकडील प्रांतांत पुष्कळ बायका आपलें नांव परक्या माणसास सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेंच त्या सांगत. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं अशा नोंदी चालणार नाहींत असें ठरविलें, व सुमारें 28 लक्ष स्त्रियांचीं नांवें याद्यांतून गळालीं. अधिकार होता, नांव नव्हतें. ही गोष्ट वाचून हंसूं येईल. परंतु आपल्या गांवचा सात-बारा हातीं घेतल्यास हंसण्याचें कारण उरत नाहीं.

पंचायतीच्या कायद्याचा इतिहास थोडक्यांतच सांगतों. बलवंतराय मेहता समितीनें 1957 सालीं दोन स्त्रियांस स्वीकृत करून घ्यावें अशी शिफारस केली. स्वीकृत म्हणजे निवडून आलेली नव्हे, तर पुरुषांनीं बोलावून बसविलेली. आमच्या राज्यानें 1990 सालीं शेकडा 30 जागा राखल्या. घटनेची त्र्याहत्तरावी दुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून अमलांत आली, व सरपंचपदासुद्धां एकतृतीयांश जागा साऱ्या देशांत स्त्रियांच्या झाल्या. बिहारनें 2006 सालीं अर्ध्या जागा देऊन सर्वांत आधीं मजल मारली. आम्ही पांच वर्षांनीं त्यांच्या मागून गेलों.

आतां आमच्या जिल्ह्याकडे वळूं. रत्नागिरीचा दक्षिण भाग वेगळा काढून 1 मे 1981 रोजीं सिंधुदुर्ग जिल्हा झाला. 2011 च्या शिरगणतींत येथील लोकसंख्या 8,49,651 भरली, त्यांत पुरुष 4,17,332 व स्त्रिया 4,32,319. म्हणजे हजार पुरुषांमागें 1,036 स्त्रिया. देशांत बहुतेक ठिकाणीं हें प्रमाण उलट आहे. आमच्याकडे स्त्रिया अधिक दिसतात याचें मोठें कारण मुंबई होय. घरटीं एक तरी पुरुष गिरणींत, गोदींत नाहींतर कचेरींत, आणि घर मनीऑर्डरीवर, अशी येथील कित्येक पिढ्यांची रीत. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, पण मुंबईची वाट बंद झाली नाहीं. चाकरमानी गणपतीस येतो, शिमग्यास येतो, आणि आंब्याच्या दिवसांत पेट्या नेण्यापुरता येतो.

मग शेत कोण करतें? कवळ तोडणें, भाजावळ, तरवा काढणें, लावणी, बेणणी, कापणी, वायंगणास पाणी फिरविणें, काजूच्या बिया वेंचणें, मांगरांतील गुरांचें शेणपाणी, हें सारें कोणाच्या हातून होतें तें आमच्या वाचकांस सांगावयास नको. नांगर धरण्यास तेवढा गडी लागे. हल्लीं त्याच्या जागीं पॉवर टिलर आला आहे, व तो भाड्यानें आणण्याचा ठराव करणारीही पुष्कळदां घरची बाईच असते. सरकारनें 2021 पासून पीकपाहणी मोबाइलवर शेतकऱ्यानेंच भरावी असें केलें. खातेदार मुंबईस असला तर बांधावर उभें राहून छायाचित्र कोण काढतें? ती बाईच, आणि नोंद होते ती खातेदाराच्या नांवें.

अशा बाईचें नांव उताऱ्यावर शोधूं गेल्यास काय दिसतें? आमच्याकडील खातें बहुधा सामाईक. त्यावर तीन-तीन पिढ्यांचे पुरुष ओळीनें उभे असतात. त्यांतील कांहीं केव्हांच वारलेले, कांहींचा पत्ता मुंबईच्या चाळींतला, व ती चाळही आतां पडून गेलेली. शेवटीं कोठें एखादें बाईचें नांव येतें. इतकीं वर्षें फेरफार नोंदवह्या चाळून आम्हांस जें दिसलें तें असें कीं, बाईचें नांव उताऱ्यावर चढतें तें बहुधा नवऱ्याचें नांव कमी होतें त्याच दिवशीं. वारसाच्या नोंदीनें ती आंत येते. उलट बहिणींचीं नांवें जशीं वारसानें लागतात तशीं हक्कसोडपत्रानें लौकरच निघूनही जातात. महाराष्ट्रानें 22 जून 1994 पासून व केंद्रानें 9 सप्टेंबर 2005 पासून मुलीस वडिलोपार्जित मिळकतींत मुलाबरोबरीचा वांटा दिला. सर्वोच्च न्यायालयानें 2020 सालीं तो जन्मतःच आहे असा निर्वाळाही दिला. कायदा इतका स्पष्ट असूनही हक्कसोडपत्रें कमी झालेलीं आम्हीं पाहिलीं नाहींत. पुष्कळ बायकांची सरकारी कागदावरची पहिली सही याच कागदावर पडते, दुसरी पडते ती उमेदवारी अर्जावर.

देशाची स्थिति याहून फार निराळी नाहीं. 2015-16 च्या कृषिगणनेप्रमाणें भारतांतील वहिती खात्यांपैकीं स्त्रियांकडे असलेलीं खातीं शेकडा 14 देखील भरत नाहींत.

कोणी म्हणेल, पंचायतीचा आणि उताऱ्याचा संबंध काय? निवडणुकीस उभें राहण्यास सात-बारा लागत नाहीं. हें खरें आहे. परंतु गांवांतील वजन केवळ एका पंचायतीनें ठरत नाहीं. विकास सोसायटीचें उदाहरण घ्या. पीककर्ज देणारी ती, खत वाटणारी तीच. तिचा सभासद होण्यास जमीन दाखवावी लागते, म्हणून सभासदांच्या यादींत बायका थोड्या. 2013 च्या दुरुस्तीनें सहकारी संस्थेच्या संचालक मंडळांत दोन जागा स्त्रियांसाठीं राखल्या. त्या भरतांना कोणाच्या घरच्या उताऱ्यावर बाईचें नांव आहे हें हुडकीत फिरावें लागतें. प्रधानमंत्री किसान योजनेचे हप्ते जातात ते उताऱ्यावरील नांवाच्या खात्यांत. नुकसानभरपाईचीही तीच कथा: वादळानें बाग आडवी झाली तर पंचनाम्यावर सही करणारी सरपंचबाई स्वतः त्या बागेची कोणी लागत नाहीं. ती गांवचा लक्षावधि रुपयांचा आराखडा मंजूर करते, पण घरचें शेत तारण ठेवून दहा हजारांचें कर्ज काढावयाचें झाल्यास मुंबईहून सही आणावी लागते. असें माणूस सभेंत दबून बोलतें यांत नवल तें काय? आमच्या स्वतःच्या शेतकरी संघाच्या वार्षिक सभेंतही बायका दिसतात त्या चहाच्या वेळीं, याची वाचकांनीं नोंद घ्यावी.

याहून कठीण प्रकार जळगांव जिल्ह्यांत घडला. सदस्यानें सरकारी जागेवर अतिक्रमण केल्यास तो ग्रामपंचायतीस अपात्र ठरतो असें आमचा कायदा सांगतो. हें अतिक्रमण घरच्या माणसानें केलेलें असलें आणि सदस्य त्याच घरांत राहत असला तरी तो अपात्रच, असें सर्वोच्च न्यायालयानें 2018 सालीं ठरविलें. तें प्रकरणही एका महिला सदस्याचेंच होतें. नियम म्हणून यांत दोष काढण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु तो बाईस कसा लागतो तें पाहा. पुरुष आपल्या घरांत राहतो. बाई सासरच्या घरांत येते. तें घर कोणत्या जागेवर बांधलें, केव्हां बांधलें, यांत तिचा शब्द नसतो, कागदावर नांव नसतें, आणि अपात्र मात्र ती होते. विचखेडें या गांवच्या सरपंचबाईंवर 2021 सालीं निवडून आल्यानंतर असाच आरोप आला कीं त्या सासूबरोबर सरकारी जागेवरील घरांत राहतात. आपण नवरा व मुलांसह भाड्याच्या घरांत वेगळ्या राहतों असें त्यांचें म्हणणें होतें. तें नीट न तपासतांच जिल्हाधिकाऱ्यांनीं त्यांस अपात्र केलें, विभागीय आयुक्तांनीं तेंच कायम केलें, व उच्च न्यायालयांतही त्यांचा अर्ज टिकला नाहीं. अखेर 27 सप्टेंबर 2024 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ते निर्णय रद्द करून त्यांस पद परत दिलें. एका बाईनें सरपंच होऊन आपल्यावर हुकूम चालवावा हें गांवकऱ्यांस पचलें नाहीं, आणि सरकारी अंमलदारांनीं लोकांनीं निवडलेल्या माणसास काढून टाकण्याचें काम फार हलक्या हातानें केलें, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता. पांच वर्षांच्या मुदतींतील किती काळ कज्ज्यांत गेला याचा हिशेब वाचकांनींच करावा.

त्याच जळगांव जिल्ह्यांत विटनेर म्हणून दुसरें गांव आहे. 1986 च्या नोव्हेंबरांत नाशिक जिल्ह्यांतील चांदवड येथें शेतकरी संघटनेचें महिला अधिवेशन भरलें व त्यांत बायकांनीं पंचायतीच्या निवडणुका स्वतः लढवाव्या असें ठरलें. राखीव जागांचा कायदा तेव्हां झालेला नव्हता. विटनेरच्या बायकांनीं 1989 सालीं सारी ग्रामपंचायत आपल्या हातीं घेतली. शरद जोशी यांनीं त्यानंतर ‘लक्ष्मीमुक्ति’ नांवाची चळवळ काढली. जिच्या कष्टावर शेत चालतें तिच्या नांवें जमिनीचा कांहीं भाग नवऱ्यानें आपखुषीनें करून द्यावा, एवढेंच तिचें मागणें. विटनेरच्या शेतकऱ्यांनीं त्यास मान दिला. ते कांहीं फार श्रीमंत नव्हते, व त्यांच्यावर कोणाची सक्तीही नव्हती. शेतकऱ्यानें शेतकऱ्यास सांगितलें म्हणून तें झालें, आणि म्हणूनच या मासिकांत त्याचा उल्लेख करावासा वाटला. राज्यांतील अशा सर्व-महिला पंचायतींवर 1998 सालीं इंग्रजींत एक पुस्तक निघालें, त्याचें नांवच ‘आणि चपात्या कोण करणार?’ अशा अर्थाचें आहे. प्रश्न कोणीं विचारला असेल हें सांगावयास नको.

‘सरपंचपति’ या नव्या पदवीविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे. बाई निवडून येते आणि कारभार नवरा करतो, ही तक्रार देशभर आहे. केंद्र सरकारनें त्यासाठीं 2023 सालीं समिति नेमली व तिनें 2025 च्या फेब्रुवारींत अशा नवऱ्यांस जरब बसेल असा दंड करावा असें सुचविलें. दंडानें हें थांबेल असें आम्हांस वाटत नाहीं. खरी परीक्षा साधी आहे. वित्त आयोगाचा पैसा आतां संगणकावरून जातो व त्यासाठीं सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. सरपंचाच्या स्वाक्षरीचें तें बोटाएवढें डोंगल कोणाजवळ असतें? बाईच्या पर्समध्यें असेल तर ती सरपंच आहे. नवऱ्याच्या खिशांत वा कचेरीच्या खणांत असेल तर जुन्या काळच्या कोऱ्या धनादेशावरील सहीहून तें बरें नव्हे, आणि अफरातफर झाल्यास जबाब द्यावयास मात्र तीच उभी राहील.

आमच्या किनाऱ्यावर आणखी एक अडचण आहे, जी घाटावरील लोकांस चटकन उमगत नाहीं. ती म्हणजे गांवऱ्हाटी. बारा-पांचाचे मानकरी देवळांत बसतात, कौल लावतात, जत्रा ठरवितात. आणि पुष्कळ गांवांत पाणंद कोठून काढावी, विहिरीचा तंटा कसा मिटवावा हेंही तेथेंच आधीं ठरतें. ही बैठक पुरुषांची. सरपंचबाई गांवची पहिली नागरिक, पण तेथें ती पायरीवर. गांवऱ्हाटीनें गांवचें पुष्कळ भलें केलें आहे व तिचा अवमान करण्याचा आमचा हेतु नाहीं. पण देवाचें काम तें देवळांत व सार्वजनिक पैशाचें काम तें ग्रामसभेंत, एवढी मेर घातली तर दोहोंचाही मान राहील. कायद्यानें प्रत्येक नेहमीच्या ग्रामसभेपूर्वीं महिला सभा घेण्यास सांगितलें आहे, तिचे ठराव ग्रामसभेपुढें आले पाहिजेत. पंचायतीच्या उत्पन्नांतील शेकडा 10 भाग महिला व बालकल्याणाकडे लावावयाचा आहे. ‘बायलमाणसाक काय कळता?’ असें म्हणणारांनीं एकदां या सभेचें इतिवृत्त वाचून पाहावें. पाणी किती वाजतां सुटतें व कोणत्या वाडीस पोंचत नाहीं हें तेथें जसें लिहिलेलें असतें तसें इतर कोणत्याही कागदांत नसतें.

आतां खातेदारानें काय करावें तें सांगतों. विटनेरच्या चळवळीचें तत्त्व सरकारनेंही उचललें, व 15 सप्टेंबर 1992 च्या परिपत्रकानें लक्ष्मीमुक्तीची सोय महसूल खात्यांत झाली. नवऱ्यानें आपखुषीनें अर्ज केल्यास त्याच्या जमिनीवर बायकोचें नांव सहधारक म्हणून लावतां येतें व त्यासाठीं नोंदणीकृत दस्त करावा लागत नाहीं. अर्ज नवऱ्याच्या हयातींतच झाला पाहिजे. बायकोस वा दुसऱ्या कोणास तो त्याच्या वतीनें करतां येत नाहीं. मुंबईस असलेल्या मुलांना व भावांना हें आवर्जून कळवावें. गणपतीच्या रजेंत हें काम होण्यासारखें आहे. खातें सामाईक असल्यास आधीं सहहिस्सेदारांच्या संमतीनें तहसीलदारांकडून वाटप करून घेणें बरें, म्हणजे चुलतभावांची हरकत येत नाहीं. घराविषयीं म्हणाल तर ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्यें नवराबायको दोघांचीं नांवें लावावीं असें ग्रामविकास खात्यानें 2003 सालींच सांगून ठेविलें आहे. ही कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे, हें ध्यानांत असावें. तरी ती असलेली बरी.

एक भीति आम्हीं नेहमीं ऐकतों कीं, बायकोचें नांव लावलें तर जमीन तिच्या माहेरीं जाईल. हिंदु वारसा कायद्याचें पंधरावें कलम पाहिल्यास ही भीति फोल ठरते. मृत्युपत्र न करतां स्त्री वारली तर तिची मिळकत प्रथम मुलगे, मुली व नवरा यांस जाते. त्यांपैकीं कोणी नसल्यास नवऱ्याच्या वारसांस, आणि तेही नसल्यास मग तिच्या आईबापांकडे. (खिस्ती व मुसलमान शेतकऱ्यांस त्यांचा त्यांचा कायदा लागतो, त्यांनीं वकिलास विचारावें.) दुसरी भीति कर्जाची. उताऱ्यावर बोजा असला तर तो तसाच राहतो. नांव लागल्यानें तो वाढत नाहीं कीं फिटत नाहीं. फरक पडतो तो एवढाच कीं यापुढें तिच्या सहीवांचून तिचा वांटा विकतां येत नाहीं. ज्यास हेंच खटकतें त्यानें अर्ज करूं नये, आणि कां करीत नाहीं तें घरांत सांगावें.

अर्ज तलाठ्याकडे द्यावा व पोंच घ्यावी. तो फेरफार नोंदवहींत नोंद धरील, हितसंबंधी माणसांस नमुना 9 ची नोटीस काढील, पंधरा दिवसांत हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करील व मग नवा उतारा मिळेल. एक खबरदारी घ्यावी. आमच्याकडे लग्नांत मुलीचें नांव बदलण्याची चाल अद्याप पुष्कळ घरीं आहे. त्यामुळें आधारावर एक नांव, मतदार यादींत दुसरें आणि बँकेच्या पुस्तकांत तिसरें असा घोळ होतो. फेरफारांत चुकीचें नांव पडलें तर तें दुरुस्त करून घेण्यास अर्जाहून अधिक खेटे पडतात. म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वीं तिन्ही कागद समोर ठेवावे, आणि कोणतें नांव लावावयाचें तें तिलाच विचारावें.